अर्धी कहाणी, पूर्ण तिकीट

पुराणकथेला जोडलेला ‘कल्की २८९८ एडी’ हा विज्ञानपट २७ जून २०२४ ला प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या नावात कुठेही ‘भाग पहिला’ असं नव्हतं. नाशिकच्या मल्टिप्लेक्समध्ये तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाने तीन तास खर्चून काशी, कॉम्प्लेक्स आणि शंभाला ही तीन ठिकाणं समजून घेतली, सुमतीच्या गर्भाचं काय होणार यात जीव गुंतवला. ज्या यास्किन या खलनायकाच्या धाकावर हा सगळा डोलारा उभा आहे, तो जागचा हलू लागतो न लागतो तोच चित्रपट थांबला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये निर्मात्या कंपनीनेच जाहीर केलं की सुमतीची भूमिका करणारी दीपिका पदुकोण पुढच्या भागात नसेल. जिच्या पोटात अख्खी गोष्ट वाढते आहे, तिचा चेहराच आता बदलणार किंवा तिला गोष्टीतून बाहेर काढावं लागणार. पहिल्या भागाचे पैसे दिलेल्या माणसाला यात काही विचारण्याचा हक्क आहे की नाही?

आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हा हक्क फक्त चाहत्यांच्या हौसेचा नाही. पुस्तक असो, चित्रपट असो की घरबसल्या बघायची मालिका, वस्तू अर्धी असेल तर ती अर्धी आहे हे विकतानाच सांगितलं पाहिजे. ‘ब्रह्मास्त्र’ने सप्टेंबर २०२२ मध्ये हे केलं होतं. त्याच्या नावातच ‘भाग पहिला : शिवा’ असं होतं. तो चित्रपट कुणाला आवडो न आवडो, तीन वर्षं उलटूनही दुसरा भाग पडद्यावर आला नाही ही तक्रारही रास्तच आहे, पण तिकीट काढतानाच प्रेक्षकाला माहीत होतं की आपण एक तृतीयांश गोष्ट बघायला चाललो आहोत. ‘ड्यून’ या हॉलिवूडच्या विज्ञानपटाच्या बाबतीत उलट झालं. २०२१ च्या जाहिरातींत नुसतं ‘ड्यून’ लिहिलेलं, आणि ‘पार्ट वन’ ही अक्षरं थिएटरमध्ये दिवे मालवल्यावर पडद्यावर उमटली. त्या क्षणी दुसऱ्या भागाला मंजुरीसुद्धा मिळालेली नव्हती. ती मिळाली अमेरिकेतल्या प्रदर्शनानंतर चार दिवसांनी. २०२४ मध्ये दुसरा भाग आला म्हणून आज ते कुणाला खटकत नाही. पहिला भाग आपटला असता तर नायक पॉल वाळवंटात चालत गेला एवढ्यावर सगळं संपलं असतं.

यावर नेहमीचं उत्तर असं की अर्धवट राहिलेल्या गोष्टी काय कमी आहेत, विज्ञानकथेचंच एवढं कौतुक कशाला? कारण आहे. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरात. १९१७ साली त्यांनी ‘लंकादहन’ केला तेव्हा पुढे बसलेल्या प्रत्येकाला रामायण तोंडपाठ होतं. रीळ मध्येच तुटलं असतं तरी घरी जाताना लोकांनी उरलेली लंका मनातल्या मनात जाळली असती, कारण ती गोष्ट फाळक्यांच्या आधीपासून लोकांचीच होती. विज्ञानकथेतलं जग दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं. तिथलं गुरुत्वाकर्षण कसं चालतं, कालप्रवासाला मर्यादा कोणती, यंत्राला जाणीव आली ती कशामुळे, हे एकट्या रचणाऱ्याला ठाऊक असतं आणि बहुतेक वेळा तो ते शेवटी सांगतो. ‘कल्की’चा घोटाळा इथेच आहे. त्यातली पुराणाची बाजू, म्हणजे अश्वत्थामा, कर्ण, येणारा अवतार, आपण आपल्या मनाने पुरी करू शकतो. सुमतीच्या गर्भातून काढलेल्या सीरमचा एक थेंब यास्किनमध्ये नेमका काय बदल घडवतो, हे मात्र कुठल्याही पोथीत सापडणार नाही.

विज्ञानकथेचा शेवट तिच्या सुरुवातीला अर्थ देतो. चांगलं उदाहरण ‘डार्क’ या जर्मन मालिकेचं. २०१७ ते २०२०, तीन पर्वं, दहा अधिक आठ अधिक आठ असे सव्वीस भाग. पहिल्या भागात नाहीसा झालेला मुलगा, गुहा आणि तेहतीस वर्षांचं आवर्तन यांचा खरा अर्थ शेवटच्या पर्वात लागतो, आणि मग पहिला भाग पुन्हा बघितला की त्यातलं साधं वाक्यही वेगळं ऐकू येतं. त्याच दोघांनी, बारान बो ओदार आणि यान्त्ये फ्रीझे यांनी, पुढे ‘१८९९’ केली. आठ भागांत एका जहाजावर कोड्यावर कोडं रचलं आणि शेवटच्या प्रसंगात सगळंच उलटंपालटं केलं. ती १७ नोव्हेंबर २०२२ ला आली आणि दीड महिन्यात, जानेवारी २०२३ च्या सुरुवातीलाच, बंद झाल्याचं जाहीर झालं. कारागीर तेच, पद्धत तीच. पण ‘डार्क’चं पहिलं पर्व आज पायाचा दगड आहे आणि ‘१८९९’चे आठही भाग नुसते प्रश्न होऊन पडले आहेत. शेवट गेला की मागचंही हातचं जातं, ते असं.

मालिका बंद का पडतात, हे नीट समजून घेतलं तर राग योग्य ठिकाणी काढता येतो. कौटुंबिक मालिकेला एक दिवाणखाना आणि एक स्वयंपाकघर पुरतं. अवकाशयानाच्या मालिकेला प्रत्येक पर्वात नवे सेट, नवे पोशाख आणि मिनिटागणिक संगणकीय दृश्यं लागतात. दोन पर्वांच्या मधल्या काळात सेट सांभाळून ठेवावे लागतात, कलाकारांच्या तारखा अडवाव्या लागतात, आणि पर्वं वाढतील तशी मानधनं चढत जातात. उलट नवा प्रेक्षक तिसऱ्या पर्वापासून सुरुवात करत नाही. म्हणजे खर्चाची रेषा वर आणि नव्या गिऱ्हाइकांची खाली. ओटीटी कंपनी बघते ती एवढंच की सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांत किती जणांनी बघायला घेतलं आणि किती जणांनी शेवटपर्यंत नेलं. विज्ञानकथेचा प्रेक्षक सावकाश जमतो, एकाने दुसऱ्याला सांगून जमतो. त्यातून आता एक नवीच सवय लागली आहे. मालिका पूर्ण होईपर्यंत बघायचीच नाही, कारण अनेकदा हात पोळले आहेत. लोक थांबतात म्हणून आकडे पडतात, आकडे पडतात म्हणून मालिका बंद होते, आणि थांबणाऱ्यांना वाटतं आपण शहाणपणा केला. हे दुष्टचक्र प्रेक्षकांनी सुरू केलेलं नाही. ते तोडायची जबाबदारीही ज्यांनी विश्वास घालवला त्यांचीच.

हा विश्वास टिकवायचा कसा, याचं उत्तर तीस वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ‘बॅबिलॉन ५’ ही अवकाशातली मालिका आधीच पाच वर्षांची म्हणून आखली. ११० भाग, त्यातले ९२ त्यांनी स्वतः लिहिले. सगळ्यात मोलाची होती ती त्यांची चोरवाटांची पद्धत. प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी गोष्टीतून बाहेर पडायची एक वाट सुरुवातीलाच खणून ठेवलेली. उद्या कलाकार सोडून गेला, आजारी पडला, तरी मुख्य गोष्टीला खिंडार पडू नये. हे कागदावरच राहिलं नाही. पहिल्या पर्वानंतर नायक मायकेल ओहेअर बाजूला झाले, जागी ब्रूस बॉक्सलायटनर आले, आणि ओहेअर यांच्या सिंक्लेअर या पात्राचा धागा तिसऱ्या पर्वात दोन भागांत असा बांधला की ते आधीपासून तसंच ठरलेलं असावं असं वाटतं. टालिया या मनकवड्या पात्राची कलाकार गेली तेव्हाही तिच्यासाठी राखलेली वाट वापरली गेली. ‘कल्की’च्या पुढच्या भागासमोर आज जो पेच आहे त्यावरचा तोडगा हाच होता. पण तो पहिल्या भागाची संहिता लिहिताना काढायचा असतो. गर्भार नायिका निघून गेल्यावर नाही.

आखणी असली म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. ‘बॅबिलॉन ५’च्या चौथ्या वर्षी वाहिनीचा गाशा गुंडाळायची वेळ आली. पाचवं पर्व मिळणार नाही या धास्तीने स्ट्रॅझिन्स्कींनी मोठी युद्धं घाईने चौथ्यातच आटोपली, एवढंच नाही तर मालिकेचा शेवटचा भागही तेव्हाच चित्रित करून ठेवला. आणि मग दुसऱ्या वाहिनीने पाचवं पर्व घेतलं! तो शेवटचा भाग वर्षभर बाजूला ठेवावा लागला, चौथ्याला नवा शेवट जोडावा लागला, आणि पाचव्याच्या सुरुवातीला सांगण्यासारखं फारसं उरलं नाही. ते भाग ढिले वाटतात ते त्यामुळे. तरीही गोष्ट संपली, ठरवलेल्या जागी संपली. घाईत शिवलेली का होईना, पण शिवण पूर्ण होती.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे. पहिला भाग स्वतःच्या पायावर उभा करायचा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये शत्रूचा डेथ स्टार हा अवकाशतळ फुटतो, पदकं मिळतात, गोष्ट संपते. १९८० च्या दुसऱ्या भागात हान सोलोला गोठवून टांगणीला लावलं, पण तोवर तिसरा येणार हे नक्की होतं आणि १९८३ ला तो आला. आपल्याकडे ‘कोई मिल गया’ (२००३) आणि ‘क्रिश’ (२००६) यांनी नेमकं हेच केलं. जादूचं यान येतं, जादू परत जातो, रोहितला जे मिळायचं ते मिळतं. २०१३ च्या ‘क्रिश ३’ नंतर चौथ्याच्या घोषणा किती वेळा झाल्या, तरी त्यात कुणाची फसवणूक नाही, कारण मागची थकबाकी नाही. याच्या अगदी विरुद्ध टोकाला ‘डायव्हर्जंट’ ही चित्रपटमालिका. तीन पुस्तकं, पण शेवटचं पुस्तक दोन चित्रपटांत फाडायचा मोह झाला. २०१६ चा तिसरा चित्रपट पडला आणि चौथा कधी झालाच नाही. तीन चित्रपटांत जी गोष्ट संपली असती ती जास्तीच्या एका तिकिटासाठी कायमची अधांतरी राहिली. याला मी दुर्दैव म्हणणार नाही.

इथे एक भेद केला पाहिजे. उघडा शेवट आणि बुडवलेला शेवट या दोन गोष्टी आहेत. ‘ब्लेड रनर’ या चित्रपटात नायक डेकार्ड माणूस की कृत्रिम, हा प्रश्न मुद्दाम शिल्लक ठेवलेला आहे. तो सोबत घेऊन जाण्यासाठीच आहे. लेखकाच्या मृत्यूमुळे राहिलेलं लेखनही वेगळं. ‘ड्यून’ पुस्तकांचे लेखक फ्रँक हर्बर्ट १९८६ मध्ये गेले, सहावं ‘ड्यून’ आदल्या वर्षी आलेलं, सातवं राहिलं. तिथे दुःख आहे, तक्रार नाही. तक्रार त्यांच्याबद्दल आहे ज्यांनी उत्तर देण्याच्या बोलीवर प्रश्न विकला आणि गल्ला मोजून झाल्यावर पाठ फिरवली.

आता समीक्षकांकडे येऊ. यातला त्यांचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

शुक्रवारी चित्रपट येतो, शनिवार-रविवारी चांदण्या येतात. तीन चांदण्या, साडेतीन चांदण्या. अर्ध्या गोष्टीला पूर्ण गोष्टीच्या मापाने गुण देणं म्हणजे पूर्वरंग ऐकून कीर्तनाचा अभिप्राय देणं. बुवांनी निरूपणात जो अभंग सोडवायला घेतला तो उत्तररंगातल्या आख्यानात सिद्ध झाला की नाही, हे कळल्याखेरीज काय बोलणार? मालिकांच्या बाबतीत तर समीक्षकांना पुष्कळदा सुरुवातीचे थोडेच भाग आधी दाखवले जातात आणि परीक्षण त्यावर लिहिलं जातं. ते लिहायला हरकत नाही. हरकत आहे ती ‘एवढेच भाग बघून लिहिलं आहे’ हे पहिल्याच परिच्छेदात न सांगण्याला.

मग टक्क्यांचा खेळ. परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा आकडा सरासरी गुणांचा नसतो. किती टक्के परीक्षणं अनुकूल, एवढंच तो सांगतो, आणि साठ टक्के किंवा त्याहून जास्त झालं की ‘ताजा’ शिक्का बसतो. शंभर समीक्षकांनी प्रत्येकी पाचात तीन दिले आणि सगळी परीक्षणं अनुकूल धरली गेली, तर आकडा येतो शंभर टक्के. पन्नास जणांनी पाचात पाच दिले आणि पन्नास जणांनी पाचात दोन, तर आकडा पन्नास टक्के. सरासरी मात्र दुसऱ्या चित्रपटाची जास्त आहे, साडेतीन. विज्ञानकथेला हाच हिशेब मारतो, कारण धाडसी विज्ञानकथा काहींना अतिशय आवडते आणि काहींना अजिबात आवडत नाही. सगळ्यांना बऱ्यापैकी आवडणारी, म्हणजे धोका न पत्करणारी, ती शंभरावर जाते. हा आकडा आपल्याकडच्या बातम्यांतही गुणपत्रिकेसारखा छापला जातो.

विज्ञानकथेचं परीक्षण करायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. पण ‘व्हीएफएक्स हॉलिवूडच्या तोडीचे’ आणि ‘उत्तरार्ध डोक्यावरून जातो’ या दोन वाक्यांवरही ते भागत नाही. बघायचं ते असं : या जगाचे नियम कोणते सांगितले, आणि कथेला अडचण आली तेव्हा ते पाळले की मोडले? प्रकाशापेक्षा वेगाने जाणं शक्य आहे का, हा प्रश्न नाही. पहिल्या तासात त्याला तीन दिवस लागतात असं सांगून शेवटच्या तासात नायक दहा मिनिटांत पोचला, हा दोष आहे. किती प्रश्न उभे केले, किती मिटवले, किती पुढच्यावर टाकले, आणि तो पुढचा भाग खरोखर मंजूर आहे की नुसता जाहीर, हे चार ओळींत लिहिता येतं. ‘जाहीर’ आणि ‘मंजूर’ यातलं अंतर वाचकाला समीक्षक सोडून कोण सांगणार?

आणि परत यायला हवं. १९८२ मध्ये ‘ब्लेड रनर’वर संमिश्र परीक्षणं आली. तेव्हाच्या प्रतीत निर्मात्यांच्या आग्रहाने निवेदन घातलेलं होतं आणि गोड शेवट चिकटवलेला होता. १९९२ च्या प्रतीतून ते दोन्ही निघालं, २००७ ला दिग्दर्शकाने अखेरची प्रत दिली. पहिल्या परीक्षणांनी जे बघितलं ते तसंच होतं, पण ज्यांनी पुन्हा बघून पुन्हा लिहिलं त्यांनीच त्या चित्रपटाला न्याय दिला. मालिका संपली, किंवा संपवली गेली, की तिच्यावर दुसऱ्यांदा लिहिणं हा समीक्षेच्या कामाचाच भाग आहे. आपल्याकडे तो जवळपास कुणी करत नाही.

नावं बघून मत बनवण्याची खोडही सोडायला हवी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. बक्षीस ठरल्यावर कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर आहेत. परीक्षकांनी कथा वाचली, नाव नाही. एवढीच अपेक्षा आहे.

चाहत्यांच्या चुका झाकणंही बरोबर नाही. २०१८ मध्ये केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीला ‘स्टार वॉर्स’च्या काही प्रेक्षकांनी इतकं छळलं की तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. संहिता तिने लिहिली नव्हती. न बघता वाईट गुण टाकणाऱ्यांमुळे रॉटन टोमॅटोजला २०१९ मध्ये प्रदर्शनाआधीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या, आणि ज्यांची तक्रार खरी होती त्यांचा आवाजही त्यात गेला. मागणी करायची तर मालकी कुणाची हे आधी बघायचं. ‘द एक्स्पान्स’ ही अवकाशातली मालिका मे २०१८ मध्ये तिसऱ्या पर्वानंतर बंद झाली तेव्हा वाहिनीकडे फक्त पहिल्या प्रक्षेपणाचे हक्क होते, मालिका होती अल्कॉन या निर्मिती संस्थेची. म्हणून चाहत्यांनी ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून विमानाला फलक बांधून फिरवला त्याला अर्थ होता. घेणारा शक्य होता आणि विकणारा मोकळा होता. तीन पर्वं आणखी मिळाली. जिथे कंपनी स्वतःच मालक आहे तिथे दुसऱ्या दारावर जाऊन उपयोग नसतो. तिथे मागायचा तो पूर्ण पर्व नव्हे, समारोपाचा एक भाग. ‘सेन्स ८’ या मालिकेच्या चाहत्यांनी तो मिळवला. २०१८ मध्ये अडीच तासांचा शेवट आला.

मराठी वाचकाला खरं तर अर्धवट विज्ञानकथेची सवय नाही. आपली विज्ञानकथा मोठ्या प्रमाणात दिवाळी अंकांत वाढली. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकात ‘क्रमशः’ला जागा नसते. नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथा त्याच अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपल्या. श्रावणातल्या कहाणीसारख्या, साठा उत्तरांची पाचा उत्तरी संपूर्ण. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं, त्याचं अध्यक्षपद नारळीकरांकडे होतं. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथालेखकाला हा मान या शहराच्या संमेलनात मिळाला. त्यांच्या मे २०२५ मधल्या निधनानंतर नाशिकने नुसत्या आदरांजलीच्या पुढे जाऊन काहीतरी कामाचं करावं असं वाटतं.

करण्यासारखं साधं आहे. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था गावात आहे. तिथे, आणि शहरातल्या प्रत्येक ग्रंथालयात, मालिकेतल्या पुस्तकाच्या आत एक चिठ्ठी चिकटवता येईल : एकूण किती भाग, आपल्याकडे किती, मालिका पूर्ण की अपूर्ण, आणि का. एका पुस्तकाला दहा मिनिटं पुरतात. आयझॅक आसिमोव्हच्या ‘फाउंडेशन’च्या चिठ्ठीवर येईल : सात पुस्तकं, १९५१ ते १९९३; कथेच्या काळात सर्वांत शेवटचं पुस्तक १९८६ चं, पुढचा प्रश्न अनुत्तरित. ‘ड्यून’वर : मूळ लेखकाची सहा पुस्तकं, १९६५ ते १९८५, लेखकाच्या निधनामुळे अपूर्ण. ‘द एक्स्पान्स’वर : नऊ पुस्तकं, २०११ ते २०२१, पडद्यावरच्या मालिकेत सहाव्या पुस्तकापर्यंतचीच गोष्ट, लॅकोनिया या ग्रहाचा धागा तिथे सुटलेला, पुस्तकांत पूर्ण.